खरूज वॉर्डातनं घरी आली

संपादक साहेब, मागच्या महिन्यात आमच्या आईला सांगलीतल्या एका दवाखान्यात आठ दिवस ठेवलं होतं, शेजारच्या कॉटवरची आजी रात्रभर अंग खाजवायची, सगळे म्हणायचे उष्णता आहे, आणि आता आमच्या घरात चौघं खाजवतोय. स्किनच्या डॉक्टरांनी बोटांच्या बेचक्या बघूनच सांगितलं, खरूज. पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात म्हणे, पण तोवर ती दुसऱ्याला लागतच असते, म्हणून एकट्या पेशंटला मलम देऊन काय होणार? नर्स, मावशी, वॉर्डबॉय, सोबत झोपणारे नातेवाईक, सगळ्यांना एकाच वेळी औषध पाहिजे. परमेथ्रिन हे खरजेचं मलम मानेपासून तळव्यापर्यंत, रात्रभर, आणि आठवड्याने परत. चादरी गरम पाण्यातच धुवा, खरजेचा बारीक किडा अंगाबाहेर २-३ दिवस जगतो. आमच्याकडं तर डिस्चार्ज झालेल्याचीच चादर झटकून पुढच्याला टाकत होते, मी डोळ्यांनी बघितलंय. भरती करतानाच पेशंटचे हात नीट बघायला किती वेळ लागतो हो?

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली