वर्षभर राबणाऱ्याला वर्षभराची खोली द्या

संपादक महाशय,

मी मूळची गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. पणजीत एका खासगी प्रयोगशाळेत कामाला आहे, पगार २४ हजार. धाकटा भाऊ ताळगाव पठारावर विद्यापीठात एमएस्सी करतो. माझी पाळी सकाळी सातला सुरू होते आणि गावातून पहिल्या बसने निघूनही ती गाठता येत नाही. म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही भावंडांनी ताळगावात एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतले. भाडे साडेनऊ हजार, अनामत तीन महिन्यांची, दलालाला एका महिन्याचे भाडे. पहिला महिना धरून ४७,५०० रुपये मोजले तेव्हा कुठे किल्ली हातात आली. माझा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला.

घरमालकांनी पोलिसांत द्यायला म्हणून आमच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि फोटो घेतले. करारपत्राचे विचारले तर म्हणाले, ''चवथ होऊ दे, मग बघू.'' चवथीला गावी गेलो, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, पाच दिवसांनी परतलो तो दारातच निरोप: महिनाअखेर खोली रिकामी करा, ऑक्टोबरपासून सीझन आहे. पावसाळ्यापुरतीच द्यायची होती तर तसे जूनमध्ये सांगायचे. आम्ही दुसरीकडे शोधली असती.

पुढे तीच खोली भावाने मोबाइलवर पाहिली, एका रात्रीचे तीन हजार. चार रात्री पाहुणा आला की आमच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त पैसे सुटतात. घरमालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे एकदा बसलेला भाडेकरू उठत नाही, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. त्यासाठीच अकरा महिन्यांच्या कराराची रीत पडली. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते, तेही टळते. पण अकरा महिने तरी द्या ना! आम्हाला चार महिनेसुद्धा पुरते मिळाले नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सामान हलवले. गॅसचा सिलिंडर आणि भांडी रिक्षातून गेली. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस मी स्कूटरवर मागे बसून मांडीवर धरली होती, वर पाऊस. किल्ली परत देताना घरमालकांनी स्वयंपाकघराची भिंत दाखवली. खिडकीखाली हातभर ओल चढलेली, चुन्याचे पापुद्रे सुटलेले. रंगकामाचे म्हणून अनामतीच्या २८,५०० मधले १२,५०० रुपये कापून घेतले. ती ओल बाहेरून झिरपत होती. जुलैत मीच त्यांना तिचा फोटो पाठवला होता आणि तिथे फडके लावून ठेवायची. मी हे सगळे बोलले. ''लेखी काय आहे?'' एवढेच त्यांनी विचारले.

आता आम्ही मेरशीत आहोत. खोली लहान आहे, पण इथल्या मालकीणबाईंनी स्वतःहून स्टॅम्पपेपरवर करार करून दिला आणि दर महिन्याला पावती देतात. म्हणजे हे होऊ शकते.

केंद्र सरकारने राज्यांसाठी नमुना म्हणून दिलेल्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आणि लेखी करार, अशी तरतूद आहे. आमच्या आमदारांनी ती विधानसभेत नेटाने लावून धरावी. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली नोंदणी करायची असते. पंचायतींनी आणि पर्यटन खात्याने वाड्यावाड्यांतून फिरून ती तपासावी. आणि गृहनिर्माण मंडळाने विकायच्या भूखंड-सदनिकांबरोबर बांबोळी, पणजीच्या आसपास भाड्याच्या साध्या खोल्या बांधाव्यात. बांबोळीच्या इस्पितळातल्या परिचारिका, दुकानांत उभ्या राहणाऱ्या मुली, काणकोण-सांग्याहून आलेले विद्यार्थी यांना पाहुण्यांसारखा एसी नको आहे. नळाला पाणी, दाराला कडी आणि ऑक्टोबरातही तिथेच राहता येईल एवढी हमी हवी.

माझे १२,५०० रुपये अजून मिळालेले नाहीत. जुलैतला तो फोटो मी जपून ठेवला आहे.

आपली,
एक भाडेकरू वाचक, मेरशी