पासवर्डची चिठ्ठी कपाटात

महोदय,
मी निवृत्त परिचारिका. आईच्या औषधांच्या आणि बँकेच्या नोंदी कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून संगणकातल्या उबुंटू २२.०४ या प्रणालीवर 'स्टँडर्ड नोट्स' हे नोंदी कुलूपबंद ठेवणारं अ‍ॅप बसवायला घेतलं. त्याची अ‍ॅपइमेज फाइल (अख्खं अ‍ॅप एकाच फाइलमध्ये) उतरवली, गुणधर्मांत जाऊन तिला चालवण्याची परवानगी दिली, तरी ढिम्म. नेमकी माहिती नसल्याने दोन संध्याकाळी गेल्या. अशी फाइल चालायला लागणारं 'लिबफ्यूज२' हे सहायक पॅकेज वेगळं बसवावं लागतं, हे टर्मिनलमधल्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या) ओळीवरून कळलं. ते बसवताच अ‍ॅपची खिडकी उघडली!

नोंदी आपल्याच संगणकावर कुलूपबंद होऊन मग सर्व्हरवर जातात. पासवर्ड विसरलो तर त्या कुणीच उघडून देऊ शकत नाही. म्हणून तो कागदावर लिहून कपाटात ठेवलाय. आपल्या पुरवणीत अशी माहिती मराठीतून, आज्ञांसकट, जरूर छापावी.

एक वाचक, सातारा