उडालेला ब्रेकर पुन्हा दाबण्याआधी

संपादक महोदय,

लहान विमान शेतात उतरवावे लागले किंवा धावपट्टीवरून घसरले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हा शब्द हमखास असतो आणि वाचकाची समजूत होते की इंजिन बंद पडले असावे. प्रशिक्षणाच्या विमानांतील रेडिओ, वीजव्यवस्था आणि उपकरणे सांभाळण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. इंजिनाचे बिघाड मी ऐकून आहे. मी स्वतः पाहिले ते पायलटच्या गुडघ्यासमोरच्या पॅनेलमागे, जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीच्या तारेत सुरू होणारे बिघाड. ते वेळीच सापडावेत म्हणून विमानात एक सोय असते आणि तीच सोय आपण सवयीने निकामी करून ठेवतो, असे माझे मत आहे. हे पत्र त्या सवयीविषयी आहे.

सेसना १७२ सारख्या चार आसनी, एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानात पॅनेलवर छोट्या काळ्या बटणांची एक रांग असते. हे सर्किट ब्रेकर. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ब्रेकर आतून तापतो, बटण टक् करून बाहेर येते आणि प्रवाह तुटतो; बटण पुन्हा दाबले की तो परत सुरू होतो. ब्रेकर रेडिओच्या रक्षणासाठी बसवलेला असतो, असा समज पायलट मंडळींत आणि खरे सांगायचे तर काही तंत्रज्ञांतही आहे. प्रत्यक्षात तो तारेसाठी असतो. २२ गेजच्या तारेला ५ अँपिअर, २० गेजला साडेसात, १८ गेजला १० असे कोष्टक ठरलेले आहे (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) आणि ते तार किती तापणे सोसेल यावरून बांधले आहे. तारेच्या टोकाला जोडलेला रेडिओ किती महागाचा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. रेडिओच्या आतले नाजूक भाग विजेच्या क्षणिक धक्क्याने जायचे तर डोळ्याचे पाते लवण्याआधी जातात, आणि उष्णतेवर चालणाऱ्या ब्रेकरला दुप्पट प्रवाह झाला तरी उडायला काही सेकंद लागतात. म्हणून ब्रेकर उडतो तेव्हा त्याचे म्हणणे बहुधा एवढेच असते की या वाटेवर कुठेतरी तार नको तिथे टेकली आहे. घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे शेजारी आपण सर्वांनी पाहिले आहेत. उडालेला ब्रेकर पुन्हा पुन्हा दाबणे हा त्यांचाच कित्ता आहे, फरक इतकाच की घर जमिनीवर असते.

एक प्रसंग सांगतो. संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही. तिथल्या एका चार आसनी विमानात पहिल्या रेडिओचा ब्रेकर अधूनमधून उडत असे, आणि तो नेमका विमान टेकताना उडे. माझ्या आधीच्या तंत्रज्ञाने जमिनीवर इंजिन चालवून पाहिले, रेडिओ अर्धा तास नीट चालला, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा देऊन विमान परत गेले. पुढचे तीन दिवस प्रशिक्षणार्थी प्रत्येक लँडिंगनंतर ते बटण दाबत राहिले आणि हे लॉगबुकात कुणीही लिहिले नाही. मला ते चहाच्या टपरीवर कळले. मी रेडिओच्या पुढच्या बारीक भोकातून ॲलन चावी घालून तो ट्रेमधून बाहेर ओढला, सीटवर उताणा पडून पॅनेलखाली डोके घातले, टॉर्च दातांत धरला आणि मदतनीसाला नियंत्रण-दांडा पूर्ण मागे ओढायला सांगितले. पॅनेलमागे त्या दांड्याचा लोखंडी शाफ्ट सरकत आला आणि लोंबणाऱ्या तारांच्या जुडग्याला घासून थांबला. जुडगे बांधणारा प्लास्टिकचा टाय तुटून खाली पडला होता. एका तारेचे आवरण तांदळाच्या दाण्याएवढे झिजले होते, आतले तांबे चकचकत होते, आणि शाफ्टवर त्याच जागी काजळीचा ठिपका होता. उड्डाणात दांडा इतका मागे बहुधा विमान टेकवतानाच येतो; म्हणून तो दोष आकाशात जाणवत नव्हता आणि जमिनीवरच्या तपासणीत सापडत नव्हता. दुरुस्ती तासाभराची होती: तार बदलली, जुडगे शाफ्टपासून दूर घेऊन रबरी अस्तराच्या क्लँपने दोन ठिकाणी बांधले.

मुले लिहीत का नाहीत, याचेही उत्तर अवघड नाही. व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातला प्रत्येक तास आईबापांच्या कर्जातून येतो. लॉगबुकात नोंद केली की विमान हँगरमध्ये जाते आणि आपली पाळी पुढे ढकलली जाते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे ‘दाबला, बसला, चालू आहे’ एवढ्यावर गोष्ट मिटते.

ती तशी मिटत नाही, याचे उदाहरण अमेरिकेच्या नोंदींत आहे. ९ जुलै २००७ रोजी सेसना ३१० या दोन इंजिनांच्या विमानात हवामान-रडार चालू असताना जळका वास आला. पायलटने रडारचा ब्रेकर ओढून बाहेर काढला, वास थांबला, आणि त्याने तशी लेखी नोंदही केली. म्हणजे त्याने आपले काम केले होते. पण दोष न शोधताच ते विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्डाणाला देण्यात आले. उड्डाणापूर्वीच्या यादीत ‘सर्व ब्रेकर आत आहेत का पाहा’ अशी एक ओळ असतेच, आणि कुणी ती यांत्रिकपणे पाळली की आदल्या दिवसाची खबरदारी एका बोटाने पुसली जाते. फ्लोरिडातील सॅनफर्डजवळ विमानात धूर झाला आणि ते घरांवर कोसळले. विमानातील दोघे आणि जमिनीवरील तिघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने दिलेली सूचना साधी आहे. अत्यावश्यक नसलेल्या उपकरणाचा ब्रेकर हवेत पुन्हा दाबायचा नाही. अत्यावश्यक असेल तर थोडा वेळ थांबून, धूर वा वास नाही याची खात्री करून, एकदाच दाबायचा.

मग रेडिओचे रक्षण कोण करते, असा प्रश्न उरतो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या काळात स्टार्टरच्या धक्क्याची भीती होती, म्हणून सर्व रेडिओ व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी एकच वेगळा ‘एव्हिऑनिक्स मास्टर’ स्विच आला आणि इंजिन सुरू होईपर्यंत तो बंद ठेवण्याची शिस्त पडली. आता उपकरणे विजेचे चढउतार सोसतील अशी कसोटी देऊनच बाजारात येतात. तरीही शिस्त चांगली आहे, ती मोडू नये. कॉन्टॅक्टरच्या (बॅटरीचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) कॉइलवर उलटा जोडलेला, कॉइल बंद होतानाचा झटका जिरवणारा एक चार आण्यांचा डायोड आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजजनित्र) बेफाम झाला तर त्याला चालवणारी फील्डची वीज तोडणारा ओव्हरव्होल्टेज रिले, हे दोन खरे राखणदार. पण त्यांची आठवण फक्त कॉन्टॅक्टर बदलताना डायोड लावायचा राहून गेला की होते.

बॅटरीचीही आठवण अशीच उशिरा होते. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर येथे डायमंड डीए-४२ हे दोन इंजिनांचे विमान उतरलेल्या बॅटरीनिशी, बाहेरच्या विजेवर सुरू करून उडवले गेले. हवेत जाताच चाके वर घेण्याच्या मोटरने भार ओढला, व्होल्टेज क्षणभर कोसळले, इंजिने चालवणारे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि तेवढ्यात दोन्ही इंजिने थांबली. हे विमान आपल्याकडच्या प्रशिक्षणातही वापरात आहे. याउलट सेसना १७२ च्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो देतो; इंजिनाबरोबर फिरून तो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. झिजलेली तार अधूनमधून ठिणग्या टाकत असेल तर ब्रेकर बरेचदा उडतच नाही; म्हणून ब्रेकर न उडताही जळका वास आला तर सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच सरळ बंद करता येतो. रेडिओ जाईल, रडारला आपली ओळख सांगणारा ट्रान्सपाँडरही जाईल, पण इंजिन चालू राहील आणि विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरून हिरव्या दिव्याची खूण मिळाली की उतरता येईल. हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. प्रत्यक्ष वास आल्यावर तो लाल स्विच बंद करायला हात धजावत नाही, हे मात्र मी जुन्या प्रशिक्षकांकडून अनेकदा ऐकले आहे.

आता पावसाळा तोंडावर आहे. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाच्या बंद कॉकपिटमध्ये तारांची जुनी आवरणे कडक होतात, आणि पहिल्या सरींबरोबर हँगरमध्ये उंदीर येतात. हेडफोनमध्ये इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू येऊ लागली तर ती सहन करू नये. बहुतेक वेळा ती सैल झालेल्या अर्थिंगची असते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि राज्यातील प्रशिक्षण संस्था यांना माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. उडालेल्या ब्रेकरची नोंद करणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याची उड्डाणाची पाळी बुडणार नाही, त्याला पुढचे उपलब्ध विमान आधी मिळेल, असा नियम संस्थांनी स्वतःहून करावा. आणि पहिल्या एकट्या उड्डाणापूर्वी प्रत्येकाला एकदा रेडिओ काढून पॅनेलमागे डोकावायला लावावे. त्या झिजलेल्या तारेचा बोटभर तुकडा मी गोळ्यांच्या डबीत जपून ठेवला आहे. कुणी बोलावले तर तो घेऊन मी स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त विमान-रेडिओ तंत्रज्ञ
नागपूर