विल्सनची ढगांची पेटी

केंब्रिज

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याबद्दल फोनवर बोललोच आहोत. हे पत्र खास तुम्हाला, कारण विषय तुमच्या कोकणकड्याचा आहे.

इथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या संग्रहात भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांचं क्लाउड चेंबर पाहिलं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची वाट धुक्याच्या रेघेत दाखवणारी पेटी. काचेची बसकी गोल पेटी आणि शेजारी हवा काढून घेतलेला काचेचा गोळा, बस्स. १८९४ च्या सप्टेंबरात हे गृहस्थ स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसच्या माथ्यावर, हवामान वेधशाळेत दोन आठवडे राहिले होते. पाठीशी सूर्य, समोर धुकं आणि धुक्यातल्या सावलीभोवती रंगीत कडं. तुम्ही आणि काका हरिश्चंद्रगडावर पाहून आलात तेच इंद्रवज्र! त्यांना ते प्रयोगशाळेत करून बघायचं होतं. किरणोत्साराचा शोध तोवर लागलाही नव्हता.

ओलसर हवा एकदम फुगवली की गार होते आणि वाफेचे थेंब धरतात. पण त्यासाठी धूळ लागते, असं तेव्हा मानत. विल्सननी धूळ पार काढून टाकली. तरी हवा सव्वापट फुगवली की थोडे थेंब यायचेच. १८९६ मध्ये, क्ष-किरणांची बातमी ताजी असताना, त्यांनी ते पेटीत सोडले आणि आत दाट धुकं झालं. थेंब आयनांवर, म्हणजे विद्युतभार आलेल्या अणू-रेणूंवर, धरत होते! किरणोत्सारी पदार्थातून सुटलेला कण हवेतून जाताना मागे आयन सोडतो, म्हणजे कण नाही तरी त्याची वाट दिसायला हवी. तिचे फोटो मिळायला १९११ उजाडलं. काचकाम ते स्वतःच करायचे. अल्फा कणांच्या (हेलियमच्या अणुकेंद्रांच्या) रेघा जाड, आखूड, सरळ. बीटाच्या (वेगवान इलेक्ट्रॉनच्या) बारीक आणि वाकड्यातिकड्या.

गायगर यांचं मोजणीयंत्र १९०८ पासून होतं, पण ते कण आला एवढंच सांगायचं. मला तरी विल्सनची पेटी थोर वाटते. १९३२ मध्ये अँडरसनना पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा, अशाच पेटीत सापडला: चुंबकामुळे रेघ इलेक्ट्रॉनच्या उलट्या बाजूला वळली होती. विल्सनना नोबेल १९२७ मध्ये, कॉम्प्टनबरोबर विभागून.

शाळेतल्या मुलांना दाखवायचं असेल तर साधा प्रकार जमतो. काचेच्या पेटीत वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं जाड कापड, तळाला काळा पत्रा, त्याखाली कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). अंधारात टॉर्च आडवा धरा. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या रेघा दिसतात, रेडियम वगैरे काही लागत नाही. मात्र बर्फाला नुसता हात लावू नका, खिडक्या उघड्या ठेवा आणि अल्कोहोलजवळ काडी पेटवू नका. बर्फ मिळाला की कळवा, बाकी व्हिडिओ कॉलवर सांगते.

आईला सा. न.

तुमची,
सोनू