बयाणा देण्याआधी

प्रिय अव्या,

सहा महिन्यांत पत्र नाही, चूक माझीच. आईचा गुडघा बरा आहे, बाकी ठीक. तुझा निरोप वाचला आणि रात्रभर तेच डोक्यात. पेन्शनचे पैसे काढून शनिवारी त्या जुन्या जॅग्वार ई-टाइप गाडीचा बयाणा देणार आहेस? थांब जरा.

वेगावरून आपण वर्षभर भांडलो, ते तू जिंकलास असं धर. 4.2 लिटरची जॅग्वार 265 अश्वशक्तीची, मला आवडणारी मर्सिडीज 280 एसएल 170 ची. पण तो 265 चा आकडा ग्रॉस आहे, इंजिनाला नेहमीचा सगळा भार न लावता मोजलेला. जर्मन 170 सगळं लावून मोजलेले. तरी ताशी 240 किलोमीटरच्या आसपास जाते ती तुझीच, मर्सिडीज 200 ला संपते.

माझी काळजी ई-टाइपच्या पुढच्या फ्रेमची, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्याची. बॉनेट उघडून त्या चौकोनी नळ्यांच्या सांध्यांवर टॉर्च मार. वरून रंग चकाचक असतो आणि नळी आतून गंजत असते. बॅटरीजवळ जास्तच बघ, ॲसिड सांडून तिथली नळी खाल्ली जाते. सांधे ब्रेझिंगचे आहेत, म्हणजे नळ्या न वितळवता दुसरा धातू वितळवून जोडलेले. कुणी वेल्डिंगचं ठिगळ मारलं असेल तर त्या उष्णतेनं शेजारची नळी कमकुवत होते, मग फ्रेम बदलण्याशिवाय इलाज नाही. मग दारांच्या फटी बघ. वर बोट जातं आणि खाली नखही जात नाही, असं असेल तर सिल (दाराखालची पत्र्याची पेटी) बदलताना बॉडीला आधार दिला नव्हता, ती बसली आहे. मागचे डिस्क ब्रेक चाकात नसून डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला, चिकटून आहेत. त्यांच्या उष्णतेनं ऑइल सील जातं आणि तेल थेट डिस्कवर येतं. सील स्वस्त, पण त्यासाठी मागची अख्खी केज, म्हणजे डिफरन्शियल आणि सस्पेन्शन धरणारी चौकट, उतरवावी लागते.

नंबर तर सोडूच नकोस. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, तिन्ही हेरिटेज सर्टिफिकेटशी (कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळणारा दाखला) जुळव. इंजिनचा नंबर ब्लॉकवरही हवा आणि वरच्या सिलिंडर हेडवरही. एक जरी चुकला तरी चालवायला गाडी तीच, विकताना मात्र ती राहत नाही.

आणि 280 एसएल एकदा बघच, माझ्यासाठी. बॉनेटखाली फेंडरच्या (मडगार्डच्या) कडेला स्पॉट-वेल्डचे गोल खळगे दिसले तर पत्रा कारखान्यातला. कड गुळगुळीत असेल तर फेंडर बदललेला. इंजिन गरम झाल्यावरही काळा धूर येत असेल तर बॉशचा पेट्रोल इंजेक्शन पंप जाणकाराकडून तपासून घे, घरी खोलू नकोस. तुम्ही दोघं आल्प्स ओलांडणार असाल तर मी हीच घेईन. पण नंबर जुळणारी, फ्रेम धड असलेली सिरीज वन कूपे, म्हणजे पहिल्या मालिकेतली बंद छपराची ई-टाइप, असेल तर तिच्यावरून नजर हटवायला मी सांगणार नाही. मागे दोन छोट्या सीट असलेली टू प्लस टू मात्र नको, संग्राहक तिला मागेच ठेवतात.

मीराचा निकाल काय लागला? नवं घर ओलसर नाही ना? वहिनींना नमस्कार.

शुक्रवारपर्यंत सांध्यांचे फोटो पाठव, अगदी जवळून काढलेले, बॅटरीच्या बाजूचेही.

तुझा,
विन्या