कुशल माणसं टिकवायची, तर आधी ड्युटीचा तक्ता बघा

मा. कामगार मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

कुशल मनुष्यबळाचा तुटवडा म्हटलं की नवी प्रशिक्षण केंद्रं जाहीर होतात. जरूर व्हावीत. पण ज्यांचा हात बसलाय अशी तयार माणसं नोकरी सोडून का जातात, याची चौकशी होताना दिसत नाही. मालक म्हणतात, दुसरीकडे पगार जास्त मिळाला. राजीनाम्यातही तेच लिहिलेलं असतं. जाता जाता साहेबाशी वाकडं कोण घेणार?

मी यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर ड्युटीचा तक्ता पडतो आणि रविवारची रात्रपाळी आपल्या नावावर निघते. बदलून मागितली, तर ‘अ‍ॅडजस्ट करून घ्या’. जादा कामाला कोणी नाही म्हणत नाही. पण पुढच्या आठवड्यात आपण घरी कधी असू हेच सांगता येत नसेल, तर माणूस किती दिवस काढणार? आणि आधी जातो तो सगळ्यात तयार माणूस, कारण त्याला बाहेर लगेच काम मिळतं. आमच्यातला एक जण नुसत्या आवाजावरून सांगायचा, कोणतं बेअरिंग जाणार ते. तो गेला. त्याच्या जागी दोघं आले, पण आता यंत्र बंद पडल्यावरच कळतं. त्याचा भार उरलेल्यांवर आला, आणि त्यांनीही बायोडेटा बाहेर काढले.

चीनमधल्या ट्रिप.कॉम या प्रवास-बुकिंगच्या कंपनीत सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. जन्मतारीख सम की विषम यावरून गट पाडले आणि एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात निष्कर्ष आले: त्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं, कामगिरीत मात्र फरक पडला नाही. मॅनेजर लोकांना आधी उलटीच धास्ती होती!

यंत्र काही घरी नेता येत नाही, हे मान्य. म्हणून आम्हाला वेगळं हवंय. तक्ता किमान दोन आठवडे आधी लागावा. ऐनवेळी बदलला, तर जादा भत्ता मिळावा. ड्युटी संपल्यावर फोन उचलला नाही म्हणून कारवाई होऊ नये. आणीबाणीसाठी कोणी तयार राहायचं असेल, तर पाळी लावून, पैसे देऊन. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतल्या फोन-मेलबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. त्यांचे कारखाने काही बंद पडले नाहीत.

आणि एक. प्रशिक्षणासाठी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला विचारा, तीन वर्षांपूर्वी घेतलेल्यांपैकी आज किती जण कामावर आहेत? पुढचा हप्ता तो आकडा पाहून सोडा.

आपला,
एक देखभाल तंत्रज्ञ