दुरुस्तीच्या ऑपरेशनचे बिल रुग्णाच्या माथी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या आणि कर्मचारी संघटना हल्ली सभासदांसाठी खासगी रुग्णालयांशी करार करू लागल्या आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. आमच्या पतसंस्थेकडेही एका रुग्णालयाचा मसुदा आला. खोलीचे भाडे, तपासण्यांवरची सूट, कॅशलेसची पद्धत यांवर पानेच्या पाने होती. उपचारातल्या चुकीबद्दल मात्र एकच ओळ: निष्काळजीपणा झाल्यास रुग्णालय कायद्यानुसार जबाबदार राहील. संचालक मंडळातल्या बऱ्याच जणांना ती पुरेशी वाटली. मला ती धोक्याची वाटते.

निष्काळजीपणा झाला की नाही हे ठरवणार कोण? सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे खरे. पण दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील गाठायचा, तज्ज्ञ डॉक्टरांचे मत मिळवायचे आणि मग तारखांमागून तारखा. बिल तर डिस्चार्जच्या दिवशीच भरावे लागते. पोटात राहिलेली पट्टी काढायला दुसरे ऑपरेशन झाले, तर त्याचेही पैसे घरच्यांनीच भरायचे आणि दोष कुणाचा ते पुढे केव्हातरी ठरायचे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की दोष कुणाचा हे न्यायालयाने ठरवावे, पण बिल कुणाचे हे करारातच आधी ठरलेले असावे.

हे करता येते. अमेरिकेत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी 44 हजार ते 98 हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने 1999 मध्ये मांडला आणि खळबळ उडाली. मग 2002 मध्ये नॅशनल क्वालिटी फोरम या संस्थेने रुग्णालयात कधीच घडू नयेत अशा 27 घटनांची यादी केली. 1 ऑक्टोबर 2008 पासून मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ठरावीक घटनांमुळे वाढलेल्या खर्चाचे जादा पैसे देणे थांबवले. शरीरात राहिलेली वस्तू, चुकीच्या गटाचे रक्त, शिरेत हवा जाणे, रुग्णालयात झालेले खोल बेडसोर (फार काळ पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), पडून मोडलेले हाड अशा या घटना आहेत. ते पैसे रुग्णाकडून वसूल करायलाही रुग्णालयाला मनाई आहे. या घटना कागदपत्रांवरून आणि तपासणीवरून कळतात. एक्स-रेत कात्री दिसली, तर तिच्यावर वाद कशाला?

आपल्या करारात घालायची अशा घटनांची यादी छोटी हवी, हेही तितकेच महत्त्वाचे. मधुमेही रुग्णाची जखम चिघळली किंवा ऑपरेशननंतर ताप आला, तर ती प्रत्येक वेळी चूक नसते, उत्तम डॉक्टरच्या हातूनही अशी गुंतागुंत होते. असे सगळेच यादीत कोंबले, तर तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने ऑपरेशन करणारा सर्जन अवघड रुग्णाला हातच लावणार नाही. ऐंशीच्या घरातली, खुब्याचे हाड मोडलेली आजी आली की ‘कोल्हापूरला न्या’ म्हणून मोकळा होईल. आधीच आपल्याकडे हे फार होते. डॉक्टरला घाबरवून सोडणारा करार शेवटी आपल्याच माणसांना घाट चढायला लावील.

या घाटामुळे आणखी एक कलम आपल्याकडे अत्यावश्यक ठरते. आपला रुग्ण एकाच रुग्णालयात क्वचितच बरा होतो. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून अणुस्कुरा किंवा आंबा घाटाने कोल्हापूरला, सिंधुदुर्गातला असला तर गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. पाठीवर बेडसोर दिसला, तर तो कुठे झाला? प्रत्येकजण मागच्याकडे बोट दाखवतो. मेडिकेअरमध्ये प्रत्येक निदानापुढे ते दाखल होतानाच होते का, याची नोंद करावी लागते. आपल्या करारातही दाखल झाल्यापासून चोवीस तासांत त्वचेची अवस्था, आधीपासून लावलेली लघवीची नळी आणि आधीच्या जखमा यांची नोंद व्हावी आणि तिची प्रत नातेवाइकाला मिळावी. यात प्रामाणिक रुग्णालयाचेही संरक्षण आहे.

मुदतीचाही प्रश्न आहे. आयुष्मान भारत योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांचा खर्च धरलेला असतो. पोटात राहिलेली पट्टी 15 दिवसांत कळेलच असे नाही, कधी महिने जातात. तेव्हा अशा घटनेला मुदतीची अट नसावी. कुटुंबाला वर्षाला मिळणाऱ्या 5 लाखांच्या संरक्षणातून दुरुस्तीच्या ऑपरेशनचे पैसे कापले जाणार नाहीत, असेही सरकारी योजनेच्या करारात स्वच्छ शब्दांत लिहिलेले हवे. दुरुस्ती कुठे करून घ्यायची हे रुग्णाने ठरवावे. जिथे विश्वास उडाला, त्याच टेबलावर पुन्हा झोपायची सक्ती नको.

शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायची जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची यादी तर फुकट मिळते. तिच्यात पट्ट्या, सुया आणि उपकरणे मोजून झाल्याचे मोठ्याने सांगायचे असते. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. या भरलेल्या यादीची प्रत डिस्चार्ज कार्डासोबत द्यावी, एवढे करारात घालायला काय हरकत आहे?

रुग्णालयाच्या प्रतिनिधीने आम्हाला सांगितले, की असे कलम अजून कुणी मागितलेले नाही. मला ते खरे वाटते. तालुक्यात सर्जन एक-दोनच. उद्या सुनेचे बाळंतपण त्याच दारात करायचे असते, म्हणून माणसे तक्रारीचा शब्द काढत नाहीत. त्यामुळे हे कलम तक्रारीवर अवलंबून नसावे. घटना नोंदली गेली, की बिल आपोआप थांबले पाहिजे.

एकट्या पतसंस्थेचे सभासद ते किती! रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सहकारी संस्थांनी एकच मसुदा करून तो एकत्र पुढे केला, तर रुग्णालयांना तो टाळणे जड जाईल. ज्यांच्या करारांचे नूतनीकरण यंदा आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी हे कलम मागावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पतसंस्था संचालक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी